फ्रिजशेजारी झोपायला निघालेली आत्या

आमची आत्या फोंड्याला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले. गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो तर गादी खाटेवरून उतरून स्वयंपाकघरात, फ्रिजला लागून जमिनीवर आलेली. का, तर "पुता, भूकंप आला तर टेबलाखाली शिरायचं नसतं. जपानी तज्ज्ञांनी सांगितलंय." हे जपानी तज्ज्ञ तिला भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटले होते.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: टेबलाखाली शिरणारे चिरडून मरतात. छत कोसळलं की फ्रिज, कपाट, सोफा अशा मोठ्या वस्तूंच्या बाजूला त्रिकोणी पोकळी राहते, तोच 'जीवनाचा त्रिकोण', तिथे अंग मुडपून पडा. खाटेवर असाल तर खाली लोळण घ्या. गाडीत असाल तर उतरून गाडीशेजारी आडवे व्हा. जिन्यावर जाऊ नका. रद्दीचे गठ्ठे उत्तम आधार देतात. आणि शेवटी कुणीतरी खास आपल्यासाठी जोडलेली ओळ: गोवा चिऱ्याच्या कातळावर असल्याने आपल्याला धोका नाही, तरी सर्वांना पाठवा. धोका नाही तर पाठवायचं कशाला, हे विचारायचं नाही.

आधी जपान. तिथल्या शाळांत मुलांना भूकंपाचा सराव देतात तेव्हा ती पोरं बाकाखालीच शिरतात. 1 सप्टेंबर 1923च्या कांतो भूकंपाची आठवण म्हणून तो दिवस तिथे आपत्ती निवारणाचा पाळतात, देशभर सराव होतात. फ्रिजला मिठी मारायचा सराव कुठेही होत नाही. मूळ मजकूर जपानी नाहीच. वीसेक वर्षं इंग्रजी ईमेलमधून फिरलेला तो ऐवज आहे, आणि त्याचा 'पुरावा' म्हणजे तुर्कस्तानातला एक प्रयोग. त्यात पुतळे ठेवून इमारत पाडली होती, पण यंत्रांनी खांबांना धडका देऊन. जमीन हललीच नव्हती. म्हणजे 'इमारत सरळ खाली बसली तर काय होतं' एवढंच त्यातून कळलं. भूकंपात आधी सगळं हलतं, सरकतं, पडतं. खरी गोम इथेच आहे.

पणजीच्या नावापुढे 2002च्या आयएस 1893 या भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाच्या भारतीय मानकात तिसरा विभाग लिहिलेला आहे, म्हणजे मध्यम धोका. त्या विभागात धरलेली तीव्रता साधारण सात; हा रिश्टरचा आकडा नव्हे, त्या जागी हादरा किती जोराचा बसतो त्याचं माप. सातच्या हादऱ्यात नीट बांधलेली इमारत सहसा भुईसपाट होत नाही. भिंतींना तडे जातात, गिलावा पडतो, आणि घरातलं जे उंच आणि मोकळं उभं आहे ते आडवं होतं. आता सांगा, आत्याच्या घरात उंच आणि मोकळं काय आहे? फ्रिज आणि लोखंडी कपाट. वरच्या माळ्यावर चवथीचं तांब्या-पितळेचं सामान ते वेगळंच. जे आधी अंगावर यायचं, त्याच्याच पायाशी ही बाई आडवी होणार!

आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा सल्ला अगदी सरळ आहे. खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, हादरे थांबेपर्यंत टेबल धरून ठेवा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात बसून डोकं-तोंड हातांनी झाका. आणि खाटेवर असाल तर खाटेवरच राहा, उशीने डोकं झाका; वर जड दिवा वगैरे लटकत असेल तरच हला. बदललेल्या गुडघ्यांच्या बाईने अंधारात खाटेवरून लोळण घेतली तर खुबा मोडायला भूकंपाची गरज पडणार नाही.

त्रिकोणाचं एक मान्य करतो, नाइलाजाने. ढिगाऱ्यात पोकळ्या राहतात आणि त्यांतून माणसं जिवंत निघतात. पण पोकळी फ्रिजच्या डावीकडे राहील की उजवीकडे, हे आधी कोण सांगणार? टेबलाचा सल्ला उभ्या राहणाऱ्या इमारतींसाठी आहे, हेही खरं. किल्लारीला मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद होतं, तिथे टेबलानेही फार काही साधलं नसतं. अशा घरात दार दोन पावलांवर असेल तर बाहेर पडणंच बरं. जिन्याचंही मेसेजमध्ये बरोबर आहे: हादरे चालू असताना जिना नको, लिफ्ट तर नकोच.

गाडीचं काय बोलायचं. पर्वरीच्या हमरस्त्यावर गाडीशेजारी आडवे होऊन पाहा. पूल, विजेच्या तारा टाळून कडेला थांबा आणि आतच बसा. रद्दी आत्या दर महिन्याला विकते, तो मुद्दा निकालात.

राहिला कातळ. किल्लारी 1993च्या आधी देशाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. 30 सप्टेंबरला, विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कोयनानगर फोंड्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, तरी 11 डिसेंबर 1967च्या पहाटे फळीवरची भांडी वाजलेली खुद्द आत्याच सांगते, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. शिवाय सगळा गोवा कातळावर कुठे आहे? भराव घातलेल्या खाजनांवर, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनींवर, नदीकाठच्या चिखलावर किती इमारती उभ्या राहिल्या ते मोजा. मऊ जमीन हादरा वाढवते. मेक्सिको सिटीत 1985 साली हेच झालं. केंद्र साडेतीनशे किलोमीटरवर किनाऱ्याकडे, आणि शहर जुन्या तळ्याच्या गाळावर.

तरी त्या मेसेजने आत्याला ज्याकडे बघू दिलं नाही, ते तिच्या खालीच आहे. तळमजल्याला भिंती नाहीत, नुसते कॉलम आणि गाड्या. 26 जानेवारी 2001ला भूज भागातल्या भूकंपाने दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत ज्या इमारती पडल्या, त्यांत अशा पोकळ तळमजल्याच्या पुष्कळ होत्या. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचे खांब एकटे, सगळा वाकवणारा जोर त्यांच्यावर. त्यात खांबातल्या उभ्या सळयांना आवळणाऱ्या रिंगा लांब-लांब बांधल्या असतील, रिंगांची टोकं आत वळवलेली नसतील, तर काँक्रीट फुटून सळया उघड्या पडतात. बरं, आपल्याला भूकंपाचीही गरज नाही. काणकोणात जानेवारी 2014ला बांधकाम चालू असलेली इमारत जमीन स्थिर असताना कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. सोसायटीच्या सभेत मी कॉलम तपासून घ्यायचं म्हटलं तेव्हा पंधरा मिनिटं रंगावर चर्चा झाली.

आत्याला हे सगळं ऐकवलं. तिने ऐकलं. सुताराला बोलावून कपाट वरून दोन अँगलनी भिंतीला आवळलं, माळ्यावरची पितळी समई खाली आणली. गादी मात्र हलवू देईना. मोबाइल चार्जिंगला लावून झोपायला फ्रिजजवळचा प्लग बरा पडतो म्हणाली. शेवटी सुताराला परत बोलावून फ्रिजलाही पट्टा मारून घेतला.