मराठ्यांकडे बंदुकाच नव्हत्या म्हणे!

परवा फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. म्हणे पानिपतात मराठे नुसत्या ढाल-तलवारी घेऊन उतरले, लांबून बंदुकीने मारणं त्यांना भ्याडपणा वाटायचा, बंदूक तर इंग्रजांनी आणली, आणि आपल्याकडे मस्केट (नळीच्या तोंडातून ठासायच्या लांब बंदुका) असत्या तर अब्दाली दुपारपर्यंत आटोपला असता. मामांनी पाठवलाय म्हणून गप्प बसणार होतो, पण चार वाक्यांत चार चुका म्हणजे जरा अतीच झालं.

आधी तलवारीचं घेऊ. "काका मला वाचवा" सगळ्यांना पाठ असतं, पण १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांना मारणारे ते गारदी म्हणजे नक्की कोण, हे कुणी विचारत नाही. गारदी म्हणजे कवायत शिकलेलं बंदूकवालं पायदळ. असेच काही हजार गारदी घेऊन इब्राहिमखान १४ जानेवारी १७६१ ला पानिपतात भाऊंच्या फौजेच्या डाव्या बाजूला उभा होता, निजामाकडे असताना बुसी या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली फ्रेंच पद्धत शिकून आलेला माणूस, आणि सकाळी त्याच्या पलटणींनी समोरच्या, अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या रोहिल्या पठाणांची दाणादाण उडवली होती. मग विंचुरकर-गायकवाडांचे स्वार रांग सोडून पुढे घुसले आणि गारद्यांच्या बंदुकांसमोर आपलीच माणसं आली. आता बार काढायचा कुणावर?

इंग्रजांनी आणली हे तर सोडाच. बाबराने १५२६ मध्ये याच पानिपतात तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार काढायच्या, बंदुका वापरल्या, पोर्तुगीज त्याआधीच गोव्यात बसले होते, आणि इंग्रजांची कंपनी निघाली १६०० साली.

भ्याडपणाबद्दल म्हणाल तर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे मराठी राज्यकारभाराचे नियम सांगणारा जुना ग्रंथ, बघा. गडावरचा दारूखाना, म्हणजे बंदुकीच्या दारूचं कोठार, घरांपासून लांब हवा आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण वगैरे बाहेर काढून उन्ह द्यावं असं त्यात सांगितलंय. बंदुकीची लाज वाटणारी माणसं दारू सर्दाळू नये म्हणून एवढी काळजी घेतील?

आता खरी गंमत, मस्केट असत्या तर वाला मुद्दा. अरे बाबा, मस्केट म्हणजे एके-४७ नाही! दातांनी काडतुसाचा कागद फाडायचा, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानाजवळच्या (नळीच्या बाजूच्या भोकाजवळच्या) वाटीत टाकायची, उरलेली दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून आत सोडून गजाने ठासायची, मग घोडा मागे ओढायचा, चाप दाबायचा आणि चकमकीची ठिणगी पडेल अशी आशा करायची. पाऊस असेल तर आशाही नाही. सराव झालेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी तिच्यापेक्षा थोडी लहान, त्यामुळे शंभर मीटरपलीकडे नेम धरणं म्हणजे नशिबाचा खेळ, आणि तेवढं अंतर भरधाव घोडा दहा सेकंदांत कापतो. म्हणून तर शेकडो माणसांनी रांगेत उभं राहून हुकमावर एकदम बार काढायचे, धुरात काही दिसत नसताना, आणि घोडे अंगावर येत असताना जागा सोडायची नाही. ही कवायत वर्षानुवर्षं घोटावी लागते, बाजारातून बंदुका विकत आणून जमत नाही. त्यात पानिपतात दोन महिने कोंडलेली उपाशी फौज आणि समोर जंबुरका, म्हणजे उंटांवरच्या छोट्या तोफा, याबद्दल फॉरवर्डमध्ये एक शब्द नाही.

आणि जिथे बंदुका, तोफा, कवायत सगळं होतं तिथे काय झालं? महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या युरोपियन अफसराकडून पलटणी उभ्या करून घेतल्या, आग्र्याला तर बंदुकांचा कारखानाच काढला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यात शिंद्यांच्या तोफांचा वाटा मोठा. तरी लढाई गेलीच. त्याच सुमारास शिंद्यांच्या नोकरीतले बरेच गोरे अफसर कंपनीचं पेन्शन घेऊन निघून गेले होते, त्यांचा फ्रेंच सेनापती पेरॉनसुद्धा महादजींचे वारस दौलतराव यांना सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. बंदुका इथेच राहिल्या.