दुबईत घर घ्यायचे असेल, तर आधी आजूबाजूचे मोकळे भूखंड बघा

पुण्या-मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांत दुबईतील घरांची प्रदर्शने भरू लागल्यापासून मला येणाऱ्या फोनचा सूर बदलला आहे. दुबईत घर घ्यावे का, असे आता फारसे कोणी विचारत नाही. अमुक टॉवरमध्ये दरमहा एक टक्का हप्त्याने फ्लॅट मिळतो आहे, टोकन देऊन टाकू का, असे विचारतात. तो टॉवर कोणत्या भागात आहे, असे मी विचारले की उत्तर येते, ‘बुर्ज खलिफापासून वीस मिनिटांवर.’ जाहिरातीतली सगळीच दुबई बुर्ज खलिफापासून वीस मिनिटांवर असते.

हीच मंडळी पुण्यात घर घेताना कोथरूड की बाणेर, यावर घरात सहा महिने खल करतात. शाळा, पाणी, संध्याकाळची वाहतूक, सगळे पारखून मगच इमारतीकडे वळतात. परदेशात मात्र परिसराचा विचार शेवटी येतो किंवा येतच नाही. माझ्या मते दुबईत तो उलट अधिक काटेकोरपणे करायला हवा, कारण इथे पुष्कळदा तयार वस्ती विकली जात नाही, वस्तीचा नकाशा विकला जातो.

परदेशी नागरिकांना मालकी हक्काने घर घेण्याची वाट २००२ मध्ये खुली झाली आणि २००६ च्या कायद्याने तिला पक्के स्वरूप आले. पण हा हक्क शासकांनी ठरवून दिलेल्या भागांपुरताच आहे. करामा, बर दुबई, देरा हे आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेले जुने भाग सर्वसाधारणपणे त्यात येत नाहीत. त्यामुळे विकत मिळते ते मुख्यतः गेल्या दोन-अडीच दशकांत आखलेल्या वसाहतींत. त्यांपैकी काही भरून गेल्या आहेत, तर काही अजून भरत आहेत.

जुमैरा व्हिलेज सर्कलचे उदाहरण घ्या. २००८ च्या मंदीनंतर इथले कितीतरी भूखंड वर्षानुवर्षे रिकामे पडून होते आणि आता तिथेच टॉवरमागून टॉवर उठत आहेत. बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून दिसणारे मोकळे आकाश म्हणजे पुष्कळदा समोरच्या भूखंडाचे न सुरू झालेले बांधकाम असते. ते सुरू झाले की दोन-तीन वर्षे खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि ते पुरे होईल त्या सुमारास शेजारीच नवे, अधिक चकचकीत फ्लॅट भाड्याच्या बाजारात येतात. सकाळी वसाहतीतून हमरस्त्याला लागण्यासाठी गाड्यांची रांग लागते, ती वेगळीच. बांधकामाधीन घरांचे हप्ते एस्क्रो खात्यात, म्हणजे त्या प्रकल्पापुरत्या राखीव खात्यात, जमा करण्याचे बंधन २००७ पासून आहे आणि ती मोठी सोय आहे. पण त्याने पैशाला संरक्षण मिळते, शेजारच्या भूखंडावर काय उभे राहील याची हमी मिळत नाही.

याउलट डिस्कव्हरी गार्डन्स बघा. बुटक्या, एकसारख्या इमारती, माहितीपत्रकात मिरवावे असे काहीही नाही. पण झाडे वाढलेली आहेत, वस्ती भरलेली आहे आणि २०२१ पासून मेट्रोचे स्थानक आहे. नोकरदार भाडेकरूला याहून अधिक काय हवे असते? दुबई मरीनाही तयार भाग आहे. तिथे मेट्रो आहे, ट्राम आहे, समुद्र आहे. मात्र तिथला सर्व्हिस चार्ज, म्हणजे आपल्याकडचा मेंटेनन्स, भाड्याचा चांगलाच लचका तोडतो. तो दर चौरस फुटामागे असतो आणि मंजूर झालेले दर दुबईच्या भूमी विभागाकडे पाहायला मिळतात. एजंटने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबून राहण्याचे काहीच कारण नाही.

चिलरचे प्रकरण तर आपल्याकडच्या खरेदीदारांना ठाऊकच नसते. अनेक वसाहतींत घरोघरी स्वतंत्र एसी नसतो, एका केंद्रातून थंड पाणी इमारतींना पुरवले जाते. त्याच्या बिलात वापराच्या रकमेखेरीज क्षमतेपोटी ठरावीक आकार, म्हणजे शुल्क, असतो आणि घर रिकामे असले, तरी तो चुकत नाही. हा आकार वेगळा भरायचा की सर्व्हिस चार्जमध्येच धरलेला आहे, हे विचारल्याशिवाय दोन भागांतल्या उत्पन्नाची तुलनाच होऊ शकत नाही.

पैशाचे गणित थोडक्यात सांगतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर, म्हणजे सुमारे ९.१८ लाख दिरहम बाहेर पाठवता येतात. गोल्डन व्हिसासाठी, म्हणजे तिथल्या दीर्घ मुदतीच्या निवास परवान्यासाठी, मालमत्ता २० लाख दिरहमची लागते. व्हिसाच्या ओढीने ही रक्कम गाठण्यासाठी चांगला भाग सोडून आडबाजूचे मोठे घर घेणारे मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. भूमी विभागाचे ४ टक्के नोंदणी शुल्क वेगळे धरावे लागते, हेही अनेकांच्या हिशेबात नसते.

परिसर बघायला यावे ते एजंटच्या गाडीतून दुपारी नव्हे, तर आपापले संध्याकाळी. इंटरनॅशनल सिटीजवळ अल अवीरचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे आणि तिथल्या दुर्गंधीच्या तक्रारी जुन्या आहेत. वातानुकूलित गाडीत बसून त्याचा पत्ता लागणार नाही. १६ एप्रिल २०२४ च्या विक्रमी पावसात कोणत्या इमारतीच्या तळघरात पाणी शिरले आणि वीज किती दिवस गेली, हे दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारावे. त्याला बहुधा हिंदी येते आणि त्याला कमिशन मिळायचे नसते.

याच इंटरनॅशनल सिटीतून आणि पुढे सिलिकॉन ओएसिसमधून मेट्रोची ब्लू लाइन जाणार आहे. ती २०२९ मध्ये सुरू करण्याचे नियोजन असून तिच्या नावावर भाव आतापासूनच वाढवून सांगितले जात आहेत. तिथे घ्यायचेच असेल, तर आजचे भाडे आणि आजचा सर्व्हिस चार्ज धरून हिशेब मांडावा, आणि मेट्रो नसतानाही तो भाव पटत असेल तरच टोकन द्यावे.