दीड टनाचं गणित

"खोली केवढी?"

"दहा बाय बारा."

"मंग दीड टन घ्या भाऊ. डोळे मिटून."

नागपुरात एसी घ्यायला निघालेल्या माणसाला हा संवाद चुकत नाही. दुकानदार हेच सांगतो, मेव्हणा हेच सांगतो, गेल्या वर्षी ज्यांच्याकडे एसी आला ते शेजारी तर न विचारता सांगतात. घराची खिडकी कुठल्या दिशेला आहे हे वास्तुवाल्याला तीनदा सांगून झालेलं असतं. एसीवाल्याला मात्र कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. मी हे हिशेब करून देतो. म्हणजे एसी भिंतीवर चढला, पहिलं बिल आलं, की लोक माझ्याकडे हिशेब करायला येतात.

आधी टन म्हणजे काय ते. हे मशीनचं वजन नाही, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांनी घाबरू नये. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी उपसायची ताकद म्हणजे एक टन. साधारण साडेतीन किलोवॅट. तेव्हा प्रश्न खोली केवढी हा नसून तिच्यात उष्णता किती घुसते हा आहे.

आता तीच दहा बाय बारा घ्या. वरचा मजला, पश्चिमेला चार बाय पाचची खिडकी, मे महिना. डोक्यावरचा उघडा स्लॅब उन्हात इतका तापतो, की आतली हवा २६ अंशांवर ठेवायची तर वरून ४० अंशांचा फरक दाबत असतो. १२० चौरस फुटांतून उतरणारी उष्णता सुमारे १.३५ किलोवॅट. खिडकीतून चार-पाच वाजताचं ऊन आत येतं, ते ०.९. विटांच्या भिंतींचे ०.८. दारं-खिडक्यांच्या फटी आणि दिवे-पंखा धरून ०.३५. माणसं दोन, त्यांचे ०.२, म्हणजे नवराबायकोचं भांडण जमेस धरूनही माणसांचा वाटा सगळ्यात कमी. बेरीज ३.६. खिडकीचा जोर संध्याकाळी पाचला आणि स्लॅबचा सात-आठला येतो, कारण काँक्रीट उधारी उशिरा फेडतं. त्यामुळे दोन्ही एकदम अंगावर येत नाहीत आणि आकडा एका टनाच्या आसपास बसतो.

हीच खोली मधल्या मजल्यावर असती तर स्लॅबचे १.३५ गेले. उरला ०.६५ टन. तेवढीच खोली, तेच शहर, तेच नवराबायको. दुकानातला सल्ला मात्र दोघांनाही दीड.

दुसरी गंमत स्टारच्या लेबलवर असते. त्यावरची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. मे महिन्यात नागपुरात ३५ अंश जेवणंबिवणं उरकल्यावर, रात्री दहाला वगैरे भेटतात. दुपारी ४५ असताना तेच मशीन दहाएक टक्के कमी उपसतं. त्यात आउटडोअर युनिट "दिसायला बरं दिसत नाही" म्हणून बंद डक्टमध्ये किंवा जाळीच्या पिंजऱ्यात कोंबलेलं असतं. स्वतः ओकलेली गरम हवा स्वतःच परत ओढतं, त्याच्यापुरता बाहेरचा पारा पन्नाशी ओलांडतो, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ऐन तीन वाजता कॉम्प्रेसर ट्रिप होतो. मग मेकॅनिक येतो. "गॅस कमी आहे," म्हणतो. गॅस बहुतेक वेळा जागेवर असतो, हवा नसते. युनिटच्या तोंडासमोर दोन-तीन फूट मोकळे सोडा, अर्धी भांडणं मिटतात.

खरं सांगायचं तर नागपूरच्या मे महिन्यापुरता मी कूलरच्या पक्षाचा आहे. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली, तर थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळल्यावर पारा २४ पर्यंत उतरतो. या २१ अंशांच्या फरकातले ऐंशी टक्के चांगल्या वाळ्याच्या किंवा हनीकोंबच्या ताट्या काढतात. म्हणजे हवा २८ वर येते, तीही पंख्याच्या आणि छोट्या पंपाच्या विजेत. १२०० घनफुटांच्या खोलीतली हवा दीड-दोन मिनिटांत एकदा बदलली पाहिजे, म्हणजे मिनिटाला ६०० ते ८०० घनफूट फेकणारा कूलर हवा. तासाला आठ-दहा लिटर पाणी उडतं. साठ लिटरची टाकी रात्री अकराला भरून झोपलात तर पहाटे पाचला कोरडा पंप घरघरून उठवतो. गजराचे पैसे वाचले.

पण एवढं गणित करून घरातली वडीलधारी मंडळी एक काम हमखास करतात. "दार लावा, थंडी बाहेर जाते!" अहो, तिला जाऊच द्यायचं असतं. कूलर खिडकीबाहेर, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. आत आलेली ओली हवा बाहेर पडली नाही, तर तासाभरात खोलीची न्हाणी होते.

आणि हाच कूलर ट्रकमध्ये घालून मुंबईला नेणारे लोक आहेत. बदली झाली, सामान निघालं, कूलरही निघाला. तिकडे मे महिन्यात ३४ अंश, आर्द्रता ७० टक्के, ओल्या फडक्याचा पारा २९. फरक पाच अंशांचा. कूलर दिवसभर राबून हवा ३० अंशांवर आणतो आणि वर भिजवतो. महिन्याभरात त्याच्या टाकीत कांदे-बटाटे ठेवलेले दिसतात.

मुंबईत एसीला दोन कामं असतात: हवा गार करणं आणि पिळणं. तिथे मोठं मशीन घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. मधल्या मजल्यावरच्या १२० चौरस फुटांना साधा, इन्व्हर्टर नसलेला दीड टन लावला, की तो दहा मिनिटांत २४ गाठतो आणि कॉम्प्रेसर बंद. पंखा फिरत राहतो, कॉइलवरचं पाणी परत खोलीत. अंगाला गार, चादर ओलसर, पापड मऊ. माणूस वैतागून १६ वर टाकतो. त्याने खोली लवकर गार होत नाही, नुसती जास्त वेळ होत राहते. एक टन तिथे सावकाश, न थांबता चालतो आणि तासाला दीड-दोन लिटर पाणी काढतो. ते पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, हा विषय मात्र सोसायटीच्या मीटिंगचा.

हिवाळ्याचं विचाराल तर, बाहेर दहा आणि आत वीस ठेवायचे असतील तर नागपूरच्या त्याच खोलीला एक किलोवॅटचा हीटर पुरतो. गोधडी शून्य किलोवॅटमध्ये तेच करते.

तर आपली वरच्या मजल्यावरची खोली. एक टनाची गरज, उन्हाची दहा टक्के घट धरून १.१. बाजारात सहसा एक मिळतो नाहीतर दीड, १.१ क्वचितच दिसतो. मी कागद पुढे सरकवून सांगतो, की मार्चअखेर स्लॅबवर कळीचा चुना, थोडं फेव्हिकॉल घालून, दोन हात मारा. पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. पश्चिमेच्या खिडकीला चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा लावा, पण बाहेरून. आतून लावलात तर ऊन आत घेऊन मग त्याला पडदा दाखवल्यासारखं होतं. दोन्ही केलंत तर एक किलोवॅट खाली येतं आणि एक टन आरामात पुरतो.

समोरचा माणूस कागद नीट वाचतो, घडी करतो, खिशात ठेवतो.

"हिशेब एकदम बराबर आहे भाऊ," तो म्हणतो, "पण चुना तर दुकानातच लावून घेतला. दीड टन काल आणला."