रंग जुळले, तरी हॉल गजबजलेला का दिसतो?

पडदे, सोफा, कुशन, सगळं एकाच मरून रंगात घेतलेलं. तरी हॉलमध्ये पाऊल टाकलं की डोळे भिरभिरतात. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, नक्षीच्या मापाचा असतो. पडद्यावर वीतभर फुलं, सोफ्यावर वीतभर पानं आणि वर वीतभर नक्षीची सोलापुरी चादर. तिघीही एकाच आवाजात बोलतात, मग कोणाचंच ऐकू येत नाही.

म्हणून रंगाच्या आधी माप बघा. एक नक्षी वीतभर, दुसरी दोन-तीन बोटं रुंद, तिसरी नखाएवढी. सोलापुरी चादर, मध्यम चौकडी आणि खणाची बुट्टी हे त्रिकूट सहज जमतं, फक्त एक रंग तिघांतही हवा. तो प्रत्येकात ठळक असायची गरज नाही, एखाद्या काठापुरता असला तरी पुरतो. पट्टे कोणाशीही पटवून घेतात. अपवाद बारीक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा: टीव्हीमागच्या भिंतीवर ते लावले की डोळ्यांसमोर हलल्यासारखे दिसतात.

आणि जमीन विसरू नका! जुन्या इमारतीतली मोझॅक फरशी ही आधीच एक बारीक नक्षी आहे. तिच्यावर बारीक फुलांचा पडदा सोडला तर दारातून तो नुसता मळकट दिसतो. तिथे तीन-चार इंची पट्टे किंवा मोठा ठसाच हवा. उलट, जुन्या फुलांच्या सिमेंट टाइल असतील तर मोठ्या नक्षीची जागा भरलेली आहे. वर पट्टे आणि बुट्टी एवढंच ठेवा, गालिचा साधा.

सगळ्यात जास्त फसवतो तो पांढरा. ठशाच्या कापडाची जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, बऱ्याचदा कोऱ्या कापडाची, किंचित पिवळसर असते. गिरणीच्या छापील कापडाची निळसर पांढरी. दोन्ही शेजारी ठेवली की हाताने छापलेलं, महागडं कापड न धुतलेलं वाटतं. दुकानातल्या दिव्याखाली हा फरक कळत नाही. अर्धा मीटर कापड आणा, सोफ्यावर टाचणीने लावा, दहा फुटांवरून एकदा दिवसा आणि एकदा रात्री घरच्या दिव्यात बघा. मोबाइलवर कृष्णधवल फोटोही काढा. त्यात सगळं एकाच करड्या छटेचं आलं, तर गडद-फिक्याचा फरक कमी पडतोय.

आता शिंप्याकडचा घोळ. मोठ्या नक्षीच्या पडद्याला कापड नेहमीच्या हिशेबाने घेतलं की शिवणीवर फुलं अर्धी कापली जातात. 60 इंच उंचीचा पडदा, वरखाली दुमडीला 12 इंच, म्हणजे एका पाटीला, पडद्याच्या एका उभ्या तुकड्याला, 72. पण नक्षीचं रिपीट, म्हणजे तीच नक्षी पुन्हा सुरू होण्याचं अंतर, 16 इंचांचं असेल तर प्रत्येक पाटी 80 इंचांची कापावी लागते, तरच शेजारच्या पाटीशी फूल जुळतं. तीन पाट्यांना साडेपाच मीटरऐवजी 6.1 मीटर. सुती कापड शिवण्याआधी भिजवून वाळवा, त्यासाठी आणखी थोडं जास्त घ्या. ही जुळणी टाळायची असेल तर पडद्याला पट्टे घ्या आणि मोठी नक्षी कुशनवर आणा.

खणाचे पडदे मला पटत नाहीत. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी, 30 इंचांच्या आसपास, त्यामुळे जोडच जोड दिसतात. कुशनला मात्र तो उत्तम. 16 इंची अभ्र्याला पुढचा तुकडा 17 × 17, मागे एकमेकांवर येणारे दोन तुकडे 17 × 12. पन्ह्यात 17 आणि 12 शेजारी बसतात. अशा दोन रांगा आणि तिसरीत 12 चे दोन. 51 इंचांत, म्हणजे 1.3 मीटरमध्ये, दोन अभ्रे निघतात. कडेला साध्या कापडाची पायपिंग, म्हणजे शिवणीतली बारीक गोल पट्टी, घाला, शेजारच्या नक्षीपासून तेवढं अंतर पडतं. मोर किंवा पोपट असतील तर कापण्याआधी वरच्या बाजूला खडूने खुणा करून द्या, नाहीतर अर्धे पक्षी उलटे लटकलेले परत येतात.