पाणी म्हणतं वर, गुडघे म्हणतात खाली

निवृत्तीनंतर पाण्याकाठी राहू म्हणणाऱ्या काका-काकू मंडळींच्या डोक्यात आराखडा तयारच असतो: एक आरामखुर्ची आणि समोर पाणी. बाकीचं किरकोळ, म्हणजे घर, आम्ही आर्किटेक्टांनी काढायचं. आमची सगळी उमेद खर्ची पडते ती जागा नेमकी त्या खुर्चीच्या पाठीमागे असते, आणि तिकडे वळून बघायला कुणी तयार नसतं.

भांडण मुळात दोघांचं. पाणी म्हणतं घर वर उचला, गुडघे म्हणतात खाली ठेवा. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही वर्षागणिक हट्टी होत जातात.

समजा, पुराची आजवरची सर्वांत वरची खूण आणि त्यावर थोडी सूट धरून घराची फरशी जमिनीपासून २.४ मीटरवर आली. "हात्तिच्या, रॅम्प करू," काका म्हणतात. रॅम्पचा नियम १:१२, म्हणजे मीटरभर चढायला बारा मीटर लांबी. इथे झाले २८.८ मीटर. एका दमात ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढायचं नाही, मग दीड मीटरचा सपाट टप्पा. असे मधले तीन टप्पे धरले की ३३ मीटरच्या वर. रॅम्प कागदावर बसला की मग घराला जागा उरली का ते बघायचं. "जरा उभा करा की!" करता येतो. १:६ केला तर निम्म्यात मावतो. फक्त व्हीलचेअर चढवायला दोघं लागतात, उतरताना धरायला त्याहून जास्त, आणि शेवाळ धरलं की कितीही असले तरी पुरत नाहीत.

मग लिफ्ट. लिफ्टला खड्डा लागतो, आणि घरातला सर्वांत खोल खड्डा पाण्याला सर्वांत आधी सापडतो. म्हणून मोटर आणि कंट्रोल पॅनेल वरच्या मजल्यावर आणि खड्ड्यात फ्लोट स्विच: पाणी शिरलं की पेटी खाली जाणारच नाही. हे फार झालं असं ज्याला वाटतं, त्यानं एवढंच लक्षात घ्यावं की पूर कुठवर आलाय हे माणसं लिफ्टनं खाली जाऊनच बघतात. वीज गेल्यावर पेटी जवळच्या मजल्याला लावणारी बॅटरी हवी. जिना तरीही टळत नाही: पायरी १५ सेंटिमीटर उंच, ३० रुंद, रेलिंग दोन्ही बाजूंना.

प्लॉटमध्येच मागे, चढावर घर घेतलं तर रॅम्प निम्म्यावर येतो. हे आम्ही दर वेळी सुचवतो. आजवर आरामखुर्चीच जिंकलेली आहे.

उंबरठ्याचं तेच. पाय अडखळतो म्हणून तो नको, असलाच तर १२ मिलिमीटरच्या आत. पण पाण्यावरून येणारा पाऊस आडवा येतो आणि उंबरठा काढल्याचा पहिला फायदा तोच घेतो. मग दाराबाहेर पूर्ण रुंदीची जाळीची पन्हळ, बाहेरच्या फरशीला दारापासून दूर जाणारा १:५० चा उतार आणि वर भरपूर पुढे आलेला छज्जा. जाळीच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा अरुंदच हव्यात, नाहीतर काठी मागे राहते आणि मालक पुढे जातात. जाळीचे तुकडे एका हातानं उचलतील एवढेच ठेवा. पन्हळीत वाळू साचणारच, आणि ती काढणारा माणूस पावसात उगवत नाही.

बाथरूममध्ये आधाराचा दांडा म्हटलं की काकू दुखावतात. "इतक्यात नको, दवाखाना वाटतो." ठीक, दांडा पुढे लावा. पण भिंत पोकळ असेल तर दांड्याचे स्क्रू धरायला आत मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवुड) आत्ताच घाला आणि टाइल बसण्याआधी टेप धरून फोटो काढून ठेवा. दांडा नसला की माणूस टॉवेलची दांडी धरतो. ती टॉवेलपुरतीच असते; मग माणूस, दांडी आणि टाइल अशा क्रमानं सगळे खाली येतात. दांडा ३२ ते ३८ मिलिमीटर जाड, भिंतीपासून ३८ मिलिमीटरवर. त्याहून लांब ठेवला तर घसरताना हात मधून कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला स्वतःच अडसर होतो.

पाणी खारं असेल तर धातूंपासून सावध. स्टेनलेस स्टील म्हणून सर्रास ३०४ ग्रेडचं येतं, त्यावर तांबूस डाग पडतात. ३१६ मागा, त्यात खारेपणाला तोंड देणारं मॉलिब्डेनम असतं. बिजागरी ३१६ ची येतेसुद्धा. पण एक स्क्रू कमी पडतो आणि सुतार खिशातला साधा मारतो. मग पांढऱ्या चौकटीवर चारांतल्या नेमक्या एका स्क्रूखालून तपकिरी ओघळ उतरू लागतो. काँक्रीटमध्ये सळईवर किमान ५० मिलिमीटर कव्हर (म्हणजे काँक्रीटचाच थर) आणि समुद्राची वाळू अजिबात नाही: सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते.

भूजल उथळ असेल तिथे सेप्टिक टँक उपसणं हे साहसच. ५,००० लिटरची टाकी भूजलात पूर्ण बुडलेली असली की पाणी तिला सुमारे पाच टन जोरानं वर लोटतं. भरलेली असेपर्यंत ती मुकाट बसते. पाणी चढलेलं असताना रिकामी केली की फायबरची टाकी पाइप मोडून अंगणात हजर होते. म्हणून खाली काँक्रीटचा स्लॅब, त्याला पट्ट्यांनी जखडलेली टाकी आणि उपसा कोरड्या दिवसांतच.

राहिला रस्ता. घर वर गेलं, रस्ता होता तिथेच. प्लॉट बघायला सगळे भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, छान ऊन बघून येतात. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाच्या भरतीला या, आणि ओहोटीलाही, म्हणजे चिखलाचा वास कळेल. रस्त्यावर पाणी किती वेळ थांबतं ते घड्याळ लावून मोजा. ॲम्ब्युलन्स तेवढा वेळ पलीकडे उभी राहणार. वेळ तासांत निघाली तर दुसरी वाट शोधा, नाहीतर दुसरा प्लॉट. काकांचं उत्तर ठरलेलं: "होडी ठेवू की!" ठेवू. भरती-ओहोटीत दोन मीटरचा फरक असेल तर तरंगत्या जेटीवर उतरायला १:१२ नं २४ मीटरची फळी लागेल, आणि होडी हाकणार कोण हे काका-काकूंनी आपसांत ठरवायचं.