कागदी विमानाला फुगीर पंख आणायचे कुठून?

सुट्टी लागली की सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर कागदी विमानाचा एक मेसेज फिरायला लागतो. त्यातलं 'शास्त्र' असं: पंखाची वरची बाजू फुगीर असते, वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, तरी खालच्या हवेच्या बरोबरीनेच मागच्या कडेला पोचायचं असतं, म्हणून ती वेगाने पळते, वरचा दाब घटतो आणि विमान उचललं जातं. पुढे सल्ले: जोरात फेका, नाक हलकं ठेवा. आणि शेवटी, आपल्या उन्हात हवा विरळ, तेव्हा फार अपेक्षा नको.

पहिला मुद्दा खोडायला वहीचा एक कागद पुरे. घडी घातलेल्या सपाट पंखाला फुगवटा कुठला? वरचा आणि खालचा रस्ता सारखाच, तरी विमान तरंगतं. मुळात दोन्हीकडच्या हवेने एकाच वेळी पोचावं असा निसर्गाचा नियमच नाही. पंखावरून धुराचे झोत सोडून पाहिलं, तर वरची हवा मागच्या कडेला आधी पोचलेली दिसते. वर वेग जास्त आणि दाब कमी, हे खरंच. वेग वाढला की दाब घटतो, हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञ बर्नुलीला दोष नको. खोटं आहे ते सांगितलेलं कारण. पुढून किंचित वर कललेला पंख हवेला खाली वळवतो आणि तेवढ्याच जोराने हवा त्याला वर रेटते. टेबलफॅनसमोर पुठ्ठा आडवा धरा, फॅनकडची कड जराशी उचला. हाताला लगेच कळेल. कसरतीची विमानं उलटी होऊनही उडतात, ती फुगवट्याच्या हिशेबाने खाली यायला हवीत.

जोरात फेकण्याचं म्हणाल, तर वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. साधं ग्लायडर मग नाक वर करतं, वेग हरवतं आणि आपटतं. हलक्या हाताने, किंचित खालच्या दिशेने सोडा.

नाक हलकं? नेमकं उलट. नाकाला एक यू-पिन लावा. मग ते खाली मुंडी घालू लागलं, तर पंखाची मागची कड केसभर वर वळवा.

राहिलं ऊन. २० अंशांच्या तुलनेत ४२ अंशांना हवा साधारण ७ टक्के विरळ असते. पाच ग्रॅमचं विमान त्यासाठी तीन-चार टक्के जास्त वेगाने उतरतं, उताराचा कोन जवळपास तोच राहतो. खरा घात करते दुपारची वावटळ. घरात उडवायचं तर पंखा बंद हवा, आणि मे महिन्यात त्याला कोण तयार होणार? त्यापेक्षा सकाळी सातच्या आत होम मैदान गाठा.