शिबिराआधी गावाच्या कार्डाचा रंग विचारा

मुंबईतील कोकणी ग्रामस्थ मंडळांच्या वार्षिक अहवालात आरोग्य शिबिराचा परिच्छेद जवळजवळ ठरलेलाच असतो. दादर-परळच्या एखाद्या सभागृहात वर्गणी जमते, मे महिन्यात डॉक्टरांची गाडी गावी जाते, रक्तदाब आणि साखर तपासली जाते, चष्मे वाटले जातात. यामागील सद्भावनेविषयी मला शंका नाही. मीही अशा एका मंडळाचा वर्गणीदार आहे. परंतु पावसाळ्यात गावाला झोपवणारे बरेचसे आजार पाण्यातून आणि चिखलातून येतात, आणि एका दिवसाचे शिबिर त्यांच्या वाटेत कुठेही आडवे येत नाही.

आपल्या ग्रामपंचायतीला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीभोवती सांडपाणी साचते का, नळयोजनेला गळती आहे का, पाणी निर्जंतुक करणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा आहे का, हे पाहून जोखीम ठरते आणि त्यानुसार कार्ड दिले जाते. यातील टीसीएलची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पावडर चांगली असेल तर हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पुरते. मात्र कोकणच्या दमट हवेत तोंड उघडे राहिलेल्या गोणीतील क्लोरीन हळूहळू उडून जातो, आणि मग जलसुरक्षकाने, म्हणजे पाण्यात पावडर टाकणाऱ्या गावच्या कर्मचाऱ्याने, इमानेइतबारे पावडर टाकली तरी पाणी निर्जंतुक होत नाही. नोंदवहीत मात्र सारे यथास्थित असते. म्हणून पावडर टाकली का, एवढेच विचारून भागत नाही. पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पाणी पिवळे झाले का, हेही विचारावे लागते.

लेप्टोचे, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचेही तसेच आहे. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने हा आजार चांगलाच अनुभवला, आणि आता साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी वेळेत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात, असे आवाहन महापालिका करते. भातलावणीत दिवसचे दिवस चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाचा धोका त्याहून कमी कसा असेल? त्याच्यापर्यंत डॉक्सीसायक्लिन, म्हणजे याच प्रतिबंधक गोळ्या, पोहोचतात का, हे उपकेंद्रात आरोग्यसेवक आहे की जागा रिकामी आहे, यावर बरेचसे अवलंबून असते. डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि 20,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष कागदावर आहेच. जागा रिकामी असली की वाड्यावाड्यांत फिरण्याचा भार आशाताईंवर येतो, आणि त्यांना नियमित वेतन नव्हे, मुख्यतः कामागणिक मोबदला मिळतो. (सत्काराची शाल आणि नारळ मात्र आपण दरवर्षी न चुकता देतो.)

हे सरकारचे काम आहे, असे कोणी म्हणेल. बरोबरच आहे, आणि म्हणूनच ते मागायला हवे. 1 मे रोजी ग्रामसभा असते, त्या सुमारास निम्मे चाकरमानी गावातच असतात, आणि पावसाळ्यापूर्वीचे सर्वेक्षणही त्याच दिवसांत होते. मंडळाच्या पुढील सभेत मी एवढेच सुचवणार आहे, की त्या ग्रामसभेत आपण कार्डाचा रंग, पाणी तपासणीचे अहवाल आणि उपकेंद्रातील रिक्त पदे यांची माहिती लेखी मागावी. आणि टीसीएलच्या गोण्या ठेवायला ग्रामपंचायतीकडे कोरडी, बंद खोली नसेल, तर या वर्षीच्या शिबिराची रक्कम त्या खोलीसाठी द्यावी.